पडीक जमीन आणि मोगली एरंड

इतिहाससंशोधन म्हणजे ताम्रपट, बखरी व जुनीं दप्तरें यांचेंच संशोधन, असा समज अद्याप पुष्कळांचा आहे. परंतु वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं घडलेली गोष्टहि, तिचे कागद उपलब्ध असतील व परिणाम डोळ्यांसमोर असतील, तर इतिहासाचाच विषय होय. अशी एक गोष्ट आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. ती एका झुडुपाची व एका शब्दाची आहे. झुडूप मोगली एरंड; शब्द 'पडीक'. या दोहोंच्या आधारावर भारत सरकारनें इ. स. २००३ पासून जैवडिझेलची विस्तीर्ण योजना आंखिली. ती कां ढांसळली, हें पाहणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम झुडुपाविषयीं. त्याचें शास्त्रीय नांव जट्रोफा कर्कस. तें लिनियसनें १७५३ सालीं दिलें. मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथून पोर्तुगीज जहाजांनीं तें आफ्रिका व आशिया खंडांत पसरविलें. तेव्हां इ. स. १५०० पूर्वींच्या कोणत्याहि भारतीय ग्रंथांत त्याचा उल्लेख संभवत नाहीं. चरकसंहितेंतील 'द्रवन्ती' ती हीच, असें कोणी कोणी लिहितात. कल्पस्थानाचा बारावा अध्याय दन्तीद्रवन्तीकल्प आहे हें खरें. परंतु ती वनस्पति कोणतीहि असो, अमेरिकेहून मागाहून आलेलें हें झुडूप ती नव्हे. लोकभाषेनें मात्र सत्य जपलें आहे. 'मोगली' या विशेषणांत, आमच्या मतें, हा एरंड आपला नव्हे, बाहेरचा आहे, एवढाच अर्थ अभिप्रेत असावा.

बाहेरचा असूनहि तो कुंपणावर रुळला. पानें व बिया विषारी असल्यामुळें गुरें त्यास तोंड लावीत नाहींत. आमच्या लहानपणीं शाळेच्या कुंपणापाशीं त्याच्या चिकाचे फुगे उडविण्याचा खेळ चाले. बी मात्र तोंडांत घालूं नये, अशी घरोघर ताकीद असे. दिव्यांसाठीं आपल्याकडे देशावर करंजेल व कोंकणांत उंडीचें तेल वापरीत. वनस्पतितेलावर यंत्र चालविण्याची कल्पनाहि जुनीच आहे. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत डिझेलचें एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां आपल्या देशांत मोटारी कोळशाच्या वायूवर धांवत असत. संकट सरलें कीं असे प्रयोग विसरले जात.

२००२ सालच्या ३१ डिसेंबर रोजीं दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडीच्या इंजिनांत जैवडिझेलचें मिश्रण घालून चांचणी झाली. पुढें एप्रिल २००३ मध्यें नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला. त्यांतील विचारसरणी अशी : देशास खाद्यतेल परदेशांतून आणावें लागतें, म्हणून इंधनासाठीं अखाद्य तेलच घ्यावें, धान्याची जमीन अडवूं नये, म्हणून पडीक जमीन घ्यावी, यांतून ग्रामीण गरिबांस रोजगार मिळेल. हेक्टरी २,५०० झाडें, प्रत्येक झाडास दीड किलो बी, म्हणजे हेक्टरी पावणेचार टन बी व सुमारें १.२ टन तेल, असा हिशेब होता. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्यें शेंकडा २० जैवडिझेल मिसळावयाचें, तर सुमारें १ कोटी १२ लक्ष हेक्टर लागवड हवी; आणि लागवडीजोगें क्षेत्र तर १ कोटी ३४ लक्ष हेक्टर निघतें, असें समितीचें अनुमान होतें.

हा तर्क वरकरणी सुसंगत आहे. दोष हेतूंत आहे. नैयायिक ज्यास स्वरूपासिद्ध म्हणतात, तो हा हेत्वाभास : शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांस दिसतो, असें म्हणण्यासारखा. पडीक जमीन घेतल्यानें कोणाचें कांहीं जात नाहीं, कारण ती निरुपयोगी आहे, या अनुमानांतील 'निरुपयोगी असणें' हा हेतु त्या जमिनीच्या ठायीं नाहींच.

तो कागदावर कोठून आला, हें पाहिलें पाहिजे. १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत जी मोजणी केली, तिच्यांतून मुंबई इलाख्याची सर्व्हे-पद्धति रूढ झाली. सर्व्हे नंबर, आकार, पोटखराबा हे शब्द त्या दप्तरांतूनच आपल्या कानीं रुळले. महसुलाच्या दृष्टीनें जिच्यावर आकार बसत नाहीं ती जमीन खराब किंवा पड. परंतु गांवाच्या दृष्टीनें तीच गायरान व कुरण. शेळ्या-मेंढ्यांचा चारा, चुलीचें सरपण, छपराचें गवत तेथलेंच. आणि ज्याच्या नांवावर गुंठाभरहि जमीन नाहीं, त्याचा संसार तिच्यावर अधिक अवलंबून. इंग्रजी अमदानी गेली, पण शब्द राहिला. २००० सालच्या सरकारी नकाशासंग्रहांत देशाचा सुमारें पंचमांश भाग, म्हणजे ६ कोटी ३८ लक्ष हेक्टर, याच सदराखालीं दाखविला आहे.

परिणाम अपेक्षेप्रमाणेंच झाला. छत्तीसगडनें २००५ सालीं स्वतंत्र प्राधिकरण नेमून या कामीं पुढाकार घेतला व रोपें मोठ्या प्रमाणावर लाविलीं. परंतु ज्या माळावर गुरें चरत, तेथें गुरें खात नाहींत असें झुडूप आलें. भुईमुगाची पेंड गुरांपुढें टाकतां येते. मोगली एरंडाची पेंड खतापलीकडे कामाची नाहीं. शिवाय जगणें व फळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झुडूप पाण्यावांचून जगलें. पण कोरडवाहू माळावर हेक्टरी पावणेचार टन सोडाच, एक टन बीहि पुष्कळ ठिकाणीं मिळालें नाहीं. पीक हातीं येण्यास तीन-चार वर्षें लागत, ती वाट पाहण्याचा भार शेतकऱ्यावरच पडला.

किंमतीच्या बाबतींतहि तेंच. ऑक्टोबर २००५ मध्यें खरेदीधोरण जाहीर झालें. १ जानेवारी २००६ पासून तेलकंपन्यांनीं लिटरला २५ रुपये दरानें जैवडिझेल घ्यावयाचें होतें. तेवढ्यांत उत्पादनखर्चहि भागेना, त्यामुळें खरेदी नांवालाच राहिली. एकीकडे साध्या डिझेलचा दर सरकारच नियंत्रित करून उतरता ठेवीत होतें. तें नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्यें उठलें. एकाच हातानें रोप लावावें व त्याच हातानें त्याचा बाजार बसवावा, असा हा प्रकार झाला. २००८ सालीं मंत्रिमंडळानें मंजूर केलेल्या धोरणांत शेंकडा २० चें उद्दिष्ट २०१७ पर्यंत लांबविलें. २०१८ च्या धोरणांत तें २०३० पर्यंत शेंकडा ५ इतकें उतरलें, व लक्ष वापरलेल्या खाद्यतेलासारख्या टाकाऊ द्रव्यांकडे वळलें.

बियाणें निकृष्ट होतें, सुधारलेल्या जाती आल्या असत्या तर योजना फळास आली असती, असा एक पक्ष आहे. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. २७ ऑगस्ट २०१८ रोजीं छत्तीसगडच्या शेतकऱ्यांच्या बियांपासून केलेल्या इंधनाचें मिश्रण घेऊन डेहराडूनहून दिल्लीस विमान गेलें, तेव्हां शास्त्रज्ञांचे श्रम व्यर्थ गेले असें म्हणवत नाहीं. तथापि उत्तम बियाण्यासहि जमीन लागणारच, आणि ती कोणाची, हा प्रश्न बियाण्यानें सुटत नाहीं.

हल्लीं पडीक म्हणून दाखविलेल्या जमिनींवर नव्या योजना येत आहेत. उद्यां आणखीहि येतील. तेव्हां आमची वाचकांस विनंति अशी कीं, आपापल्या गांवच्या जुन्या कुळकर्णी दप्तरांतून गायरान व कुरण यांच्या नोंदी उतरून घ्याव्या, आणि तेथें कोण काय चारीत असे, कोण काय तोडीत असे, हें वृद्धांस विचारून लिहून ठेवावें. गांवाचें म्हणणें कागदावर नसलें, म्हणजे सरकारचा कागदच खरा ठरतो.