निनावी पत्रे आणि गाजलेले नाव

घरातील कलह चव्हाट्यावर येऊ नये, अशी आपल्या समाजाची जुनी धारणा आहे. परंतु न्याय मागावयाचा तर तो चारचौघांतच मागावा लागतो. या पेचाचे एक बोलके उदाहरण म्हणजे रखमाबाईंचा खटला.

१८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या नांदावयास गेल्या नाहीत; आई जयंतीबाई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या आणि शिकल्या. १८८४ साली दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. तो चालू असतानाच, जून १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध झाले. सही होती ‘एक हिंदू स्त्री’. सक्तीच्या वैधव्यावरील दुसरे पत्र १९ सप्टेंबरला आले आणि दोनच दिवसांनी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला.

पत्रलेखिका रखमाबाईच, हे पुढे उघड झाले. विचार लोकांपुढे यावा, व्यक्ती मात्र पडद्याआड राहावी, ही त्या सहीमागची योजना दिसते. प्रारंभीच नाव छापले असते, तर वाचकांनी युक्तिवाद बाजूला ठेवून दादाजींच्या पत्नीचाच न्यायनिवाडा केला असता.

नंतर झाले तेच. अपिलात खटला पुन्हा उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याच्या आत पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कारावास, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. ‘केसरी’तून टिळकांनी त्यांच्यावर टीका केली, बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी दादाजींनी इंग्रजीत पुस्तिका काढून रखमाबाईंच्या आईवर व आजोबांवर मालमत्तेच्या लोभाचा आरोप केला. त्याला रखमाबाईंनी वृत्तपत्रातूनच उत्तर दिले. ज्या घरगुती गोष्टी निनावी पत्रांत आल्या नव्हत्या, त्या आता स्वतःच्या नावाने सांगणे भाग पडले. दोन्ही पक्षांना अब्रू राखावयाची होती, आणि दोघांनाही त्यासाठी छापखान्याचाच आधार घ्यावा लागला.

म्हणून त्यांना प्रसिद्धीची हौस होती, हा आक्षेप टिकत नाही. दार आपल्या हाताने किती उघडावे हे ठरविणे निराळे, आणि ते बाहेरून ढकलले गेल्यावर उंबरठ्यावर उभे राहून बोलणे निराळे.

जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. १८८९ साली रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची रुग्णसेवा केली. १९५५ साली त्या निवर्तल्या. खटल्याने गाजलेले नाव गुजरातेतील रुग्णालयांत डॉक्टरचे नाव म्हणून रुळले. घराण्याची अब्रू मौनाने राखली जाते असे म्हणताना, ते मौन कोणी पाळावयाचे आणि त्याची किंमत कोणी मोजावयाची, हे आपणही विचारावयास हवे.