दुखणाईत स्त्रीचा नकार : १९३८ चा एक ठराव

१/ १० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण डॉ. आंबेडकरांचे होते, ते स्वतः सभागृहात नव्हते.

२/ त्यातला एक मुद्दा सहसा सांगितला जात नाही. रोगग्रस्त अवस्थेत किंवा लागोपाठ आलेल्या बाळंतपणांनी अनेक स्त्रिया जन्मभरासाठी अधू होतात, काही प्राणास मुकतात. म्हणून कोणत्याही कारणास्तव मूल नको असल्यास गर्भधारणा टाळणे स्त्रीच्या हाती असावे. ‘कोणत्याही’ हा शब्द त्या काळी केवढा धीट!

३/ १९३५ साली मार्गारेट सँगर वर्ध्यास आल्या, तेव्हा गांधीजींचे उत्तर होते संयम. पण आजारी पत्नीच्या बाबतीत तो संयम पाळायचा कोणी? पतीने. तिच्या स्वतःच्या कामेच्छेचा तर प्रश्नच नव्हता, तो र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून १९२७ पासून मांडत होते. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनीच घेतले होते.

४/ दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त २७ मे १९३५ रोजी रमाबाई दीर्घ आजाराने वारल्या. त्यांची चार अपत्ये बालपणीच गेली होती. या दुःखाचा ठरावाशी थेट संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही.

५/ ठराव फेटाळला गेला.