कॅमेरा कुठे ठेवायचा? मुंबई, पुणे आणि अरन बेटं

घरच्यांना व्हिडिओ पाठवत नाही असं कुटुंब आपल्यात क्वचितच सापडेल. म्हणून आज एक साधा प्रश्न इतिहासातून बघू: कॅमेरा कुठे ठेवायचा, आणि माणसाच्या किती जवळ?

सुरुवात डब्लिनपासूनच करू. डेम स्ट्रीटवरच्या ऑलिंपिया थिएटरसमोरून तुम्ही अनेकदा गेला असाल. ते 'स्टार ऑफ एरिन' म्हणून ओळखलं जायचं, तेव्हा २० एप्रिल १८९६ रोजी डब्लिनकरांनी तिथे पहिल्यांदा हलती चित्रं पाहिली. मुंबईत वॉटसन हॉटेलात तो दिवस उजाडला ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे आपली दोन्ही गावं सिनेमाच्या शाळेत एकाच वर्षी दाखल झाली.

तेव्हाचा कॅमेरा तिवईवर एका जागी उभा असे. समोर जे घडेल ते संपूर्ण टिपायचं. माणूस डोक्यापासून पायापर्यंत, आणि भोवतालची जागाही. यालाच आपण लाँग शॉट म्हणतो. कॅमेरा हलवायचा तर? ल्युमिएर बंधूंचा छायाचित्रकार प्रोमिओ १८९७ मध्ये आयर्लंडला आला आणि त्याने बेलफास्ट-डब्लिन रेल्वेतूनच चित्रण केलं. कॅमेरा जागेवरच होता, गाडी पुढे जात होती. आपण एंटरप्राइझच्या खिडकीतून मोबाइलवर जे करतो, तेच!

मुंबईत वॉटसनमधला खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला. केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ परांजपे १९०१ मध्ये मायदेशी परतले, तो सोहळा सावेदादांनी चित्रित केला. परदेशी गेलेला मराठी मुलगा घरी येतो, हा आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांचा विषय आहे बरं का. ती फिल्म मात्र आज उपलब्ध नाही.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला. त्यातली बरीच दृश्यं नाटकाला पुढच्या रांगेत बसल्यासारखी दिसतात. पण १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांनी सुरुवातीलाच आपली लेक मंदाकिनी हिचा चेहरा जवळून दाखवला. ही चिमुरडी एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते आणि मग कृष्ण होते. जवळून पाहिल्यावर चेहराच गोष्ट सांगतो, हे मराठी सिनेमाला इतक्या लवकर उमगलं होतं.

१९३४ हे वर्ष तर लक्षात ठेवण्यासारखं. पुण्यात प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम यांनी टेलिफोटो भिंग वापरून राजगुरूचा नुसता डोळा पडदाभर दाखवला. प्रेक्षकाला धडकी भरवायला तेवढं पुरे होतं. त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॅहर्टीचा 'मॅन ऑफ अरन' आला. तो आपल्या गॉलवेसमोरच्या अरन बेटांवर चित्रित झाला होता. तिथे नेमकं उलट दिसतं: प्रचंड कडे, उसळत्या लाटा आणि त्यात मुंगीएवढी माणसं. डोळ्याने माणसाचा अंतरंग सांगितला, कड्यांनी त्याचं जगणं सांगितलं.

पण सावध! 'मॅन ऑफ अरन'मधलं कुटुंब खरं कुटुंब नव्हतं. दाखवलेली शार्कची शिकार बेटावर कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडली होती. ती चित्रपटासाठी नव्याने शिकवली गेली. शॉट सुंदर असला म्हणून तो खरा असतोच असं नाही.

आता अँगल. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिलं की माणूस भव्य वाटतो, वरून खाली पाहिलं की लहान, एकटा. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'चा शेवट आठवा. विमान तुकोबांना घेऊन वैकुंठाला निघतं, आणि आवली जमिनीवर राहते. जाणारा आणि मागे राहणारा, दोघांचंही मन त्या दृश्यात आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने ते दृश्य विमानतळावर एकदा तरी अनुभवलं आहे.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी आई-बाबा इथे आले किंवा तुम्ही तिकडे गेलात, की तीन शॉट घ्या. एक लांबून: अख्खं स्वयंपाकघर, ओटा, खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर. एक मध्यम: कमरेपासून वर, म्हणजे पोळी लाटणारे हात दिसतील. आणि एक अगदी जवळून. लहान मुलांचं चित्रण करताना मात्र खाली बसा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या.

आपण बहुतेक वेळा फक्त चेहरे टिपतो. चेहरे फोटोंतही सापडतात. पण घर बदललं, विकलं गेलं, की ओटा आणि खिडकी पुन्हा कुठून आणणार? सावेदादांची फिल्म गेली. आपली तरी राहू द्या, आणि तिची एक प्रत दुसरीकडेही ठेवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!