कुलरचं पाणी कधी बदललं?

उन्हाळ्यात धाराशिव, कळंब, परंड्याकडे खिडकीखिडकीत कुलर घुमतो. त्याचं गवत आठवडेच्या आठवडे ओलं राहतं, त्यात बुरशी धरते आणि तिचे कण वाऱ्याबरोबर छातीत जातात. म्हणून दम नि कोरडा खोकला घेऊन आलेल्या माणसाला जाणकार डॉक्टर हा प्रश्न विचारतात. या प्रश्नाचं कूळ तीनशे वर्षांहून जुनं आहे.

मूळपुरुष इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसने रुग्णाला विचारायला घालून दिलेल्या प्रश्नांत त्यांनी १७०० साली आपल्या ग्रंथातून एकाची भर घातली : तुम्ही काम काय करता? धान्य चाळणाऱ्या-मापणाऱ्यांच्या छातीत जाणाऱ्या धुळीवर त्यांनी वेगळं प्रकरण लिहिलं. मळणीयंत्रापाशी राबलेल्या कुणालाही ते आपलंच वाटेल.

१९३२ मध्ये इंग्लंडात कॅम्बेल यांनी कुबट गवत हाताळणाऱ्या शेतमजुरांचा दम नोंदवला. १९४१ मध्ये अमेरिकेच्या लुइझियानात उसाच्या बगॅसची, म्हणजे चिपाडाच्या भुशाची, पाळी आली, १९६५ मध्ये कबुतरांची. आपल्याकडे तर ऊसही आहे आणि कबुतरंही.

कुलरचा धागा मात्र भारतातच पक्का झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधले आयएलडीचे, म्हणजे वायुकोशांच्या भिंती सुजून घट्ट होण्याच्या विकारांचे, १,०८४ रुग्ण होते. त्यांतल्या ४७.३ टक्क्यांना श्वासातून गेलेल्या कणांच्या अ‍ॅलर्जीने हा आजार झाला होता, आणि या गटातल्या जवळजवळ निम्म्यांचा कुलरशी संबंध होता. माझ्या मते आपल्या भागासाठी याहून मोलाची माहिती नाही.

बाकीच्या तपासण्या कुलरच्या प्रश्नानंतर येतात. पाठीला स्टेथोस्कोप लावला की श्वास घेताना वेल्क्रो उचकटल्यासारखी करकर ऐकू येते. सहा मिनिटं चालवून रक्तातला ऑक्सिजन उतरतो का ते बघतात, फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजतात, मग एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन. शेवटी छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि गरज पडल्यास फुफ्फुसाचा तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. एकट्या स्कॅनवर निदान ठरवणं धोक्याचं. नुसत्या एक्स-रेवर तर अशा कित्येकांना आधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात, आणि तोवर कुलर चालूच असतो.

कारण वेळेत सापडून ते दूर झालं, तर घट्टपणा येण्याआधी सूज ओसरू शकते. म्हणून मोठ्या शहराकडे पाठवलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये फिल्मसोबत गावच्या डॉक्टरांचा एक कागद हवा : कुलर, कबुतरं, कडबा, बगॅस, काय, किती वर्षं.