खंजिरीचा नाद

पांढुर्णा आणि सौंसर या परिसरात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांत खंजिरीचा नाद कायमचा बसलेला असतो. दिवेलागणीनंतर भजनी मंडळी जमली आणि खंजिरीवर पहिली थाप पडली, की पोरे पाटीदप्तर टाकून तिकडे धाव घेत.

तरुण मनास ओढून घेणारे संगीत शास्त्रशुद्धच असले पाहिजे असे नाही. 1976 च्या सुमारास लंडनमधील असंतुष्ट तरुणांत 'पंक' नावाचे संगीत उदयास आले. दोन-तीन स्वरमेळ साधले की पुरे. गुरू नको, कोणाची अनुज्ञा नको, असा त्याचा बाणा. 1977 साली सेक्स पिस्टल्स या वाद्यवृंदाचे राणीवरील गीत बीबीसीने प्रक्षेपित करण्याचे नाकारले, तरीही ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. ते तरुण आज वृद्ध झाले आहेत, पण त्या संगीताची ओढ ओसरलेली नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर आपल्या खंजिरीपाशी सापडते. अमरावती जिल्ह्यातील यावली गावी 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांचे शालेय शिक्षण अल्पच झाले. त्यांचे वाद्य म्हणजे एका बाजूस कातडे मढविलेले, झांजा बसविलेले लाकडी कडे. ते कोणासही परवडावे आणि कोणासही वाजविता यावे असे होते. त्याच्या साथीने त्यांनी अस्पृश्यता, व्यसने आणि परदास्य यांवर प्रहार केले. 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटून उठली. त्याच महिन्यात सरकारने त्यांस अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेविले. भजनाचे सामर्थ्य राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले होते.

दोहोंतील भेदही सांगितला पाहिजे. पंकचा भर नकारावर होता. खंजिरीच्या भजनाची सांगता सामुदायिक प्रार्थनेत आणि ग्रामसफाईत होई. परंतु श्रोत्यास गायक करण्याची किमया दोहोंकडे सारखीच होती.

आपल्या भागास या किमयेचे मोल अधिक आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भातील जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा-सौंसरची मराठी सीमेपलीकडे पडली. राज्यकारभाराची भाषा हिंदी झाली. तुकडोजींची रचना मराठीत होती, तशी हिंदीतही होती, म्हणून त्यांचे भजन सीमेवर अडले नाही. महाराज 1968 साली निवर्तले. 2023 साली हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशे बदलत गेले, ताल तोच राहिला.

बालपणी केवळ कानांवर पडलेले गीत पुसट होते. ज्याच्या तालावर आपले हात चालले, ते आयुष्यभर सोबत करते. आज ध्वनिक्षेपकावर मुद्रित भजन लावणे सोपे झाले आहे. पण त्याने मूल केवळ श्रोता राहील, आणि घरातली मराठीही हळूहळू ऐकण्यापुरतीच उरेल. म्हणून खुंटीवरची खंजिरी खाली काढा आणि ती मुलांच्या हाती द्या. ताल चुकला तरी चालेल.