दक्षिणद्वाराला लागलं!

शिरोळ रोडला गाडीतून उतरा आणि आधी चपला हातात घ्या. पुढे या स्टेशनाला जयसिंगपूर म्हणतील, पण तुम्ही 1920च्या आसपासच्या श्रावणात आला आहात. नृसिंहवाडीच्या वाटेवर पोटरीएवढा चिखल आहे. बैलगाडी रुतली की पाव्हणा असो की पुजारी, सगळ्यांनी खाली उतरून चाकाला खांदा लावायचा. लावा!

डोक्यावर मात्र चक्क ऊन आहे. शिरोळ भागात पाऊस बेताचाच. पूर येतो तो महाबळेश्वराकडे आणि गगनबावड्याकडे कोसळलेल्या पावसाचा. कोयनेचं धरण अजून झालेलं नाही, त्यामुळे वर पडलेलं सगळं इथे येऊन थडकतं. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा आणि दोघींच्या बेचक्यात ही वाडी.

गल्लीत शिरताच नाकात खवा जातो, पाठोपाठ धूप, ओली घोंगडी आणि गढूळ पाण्याचा मातकट वास. घाटाच्या पायऱ्या शोधू नका, त्या कधीच बुडाल्या. पाणी किती चढलं हे इथे फुटांत कोणी सांगत नाही. दत्ताच्या पादुकांपर्यंत आलं का, देवळाच्या मंडपात शिरलं का, एवढंच विचारतात. उत्सवमूर्ती केव्हाच वर नारायणस्वामींच्या मंदिरात गेली आहे.

तेवढ्यात आरोळी उठते, “दक्षिणद्वाराला लागलं!”

आता तुमचे पाय तुमचे राहत नाहीत. मागची गर्दी तुम्हाला ढकलत कमरेएवढ्या पाण्यात नेते. उत्तरेच्या दारातून शिरलेली कृष्णा दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते आहे, आणि त्या धारेत डोकं बुडवायला अख्खी वाडी जमली आहे. एका आजींनी तुमचं मनगट घट्ट धरलंय. आधार कोण कोणाला देतंय, कळत नाही. दिगंबराचा गजर कानठळ्या बसवतो. “वाका की!” कोणीतरी ओरडतं. वाकता. नाकातोंडात गाळ, दातांखाली वाळू, अंगावर शहारा.

बाहेर आलात तर नदीपलीकडच्या औरवाडला जायला नाव नाही, काहील आहे. हिवाळ्यात गुऱ्हाळावर जिच्यात उसाचा रस आटतो, तीच लोखंडी काहील पुरात माणसं वाहते. बसल्याबरोबर ती गरगर फिरू लागते. “पाव्हणं, मधी बसा. हलू नगा,” वल्हं मारणारा बजावतो. तुम्ही हलत नाही. श्वाससुद्धा जपून घेता.

पलीकडे भाकरी आणि झणझणीत आमटी खाऊन परताल, तोवर पाणी उतरू लागलेलं असेल. खरी घाई आता. गाळ वाळला तर दगडासारखा बसतो, म्हणून पाणी मागे सरेल तसतसं त्याच पाण्याने फरशा धुवून काढायच्या. हाच गाळ नदीकाठच्या मळीत बसला की त्यावर वांगी अशी धरतात की बाजारात भाव करावा लागत नाही. मळीतला गाळ सोनं, देवळातला गाळ काम.

तेव्हा तीर्थप्रसाद झाला असेल तर उभे राहू नका. खराटा त्या खांबाला टेकवून ठेवलाय.