भातामागचे वाल



हल्ली भिशी असो की पाठशाळेची बैठक, प्रोटीनचा विषय निघतोच. कोणाच्या मुलाने पावडरचा डबा आणलेला असतो, कोणाच्या सुनेला जिममध्ये सांगितलेलं असतं की शाकाहारी माणसाला प्रोटीन पुरतच नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगते. तो शहापूर आणि मुरबाडच्या शेतातून सुरू होतो, आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातले दोन मोठे अभ्यासक आहेत.

मानस मंदिराच्या दर्शनाला आसनगावला उतरून तुमच्यापैकी बऱ्याच जणी शहापूरला येऊन गेल्या असतील. समोर माहुलीचा डोंगर, आजूबाजूला भातखाचरं. मुरबाड तिकडे माळशेज आणि नाणेघाटाच्या पायथ्याशी. पाऊस इथे धो धो पडतो, तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर 1892 पासूनचं. पण ते पाणी मुंबईला जातं. डोंगरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन फिरतात आणि दुसऱ्या पिकाला पाट नसतो.

अशा जमिनीत भात काढल्यावर काय पेरायचं? इथल्या शेतकऱ्याने याचं उत्तर फार पूर्वीच शोधलं, ते म्हणजे वाल. खाचरात राहिलेली ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर हे पीक येतं. शिवाय त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नत्र बांधून ठेवतात, त्यामुळे जमिनीचा कसही टिकतो. प्रथिनं बनायला नत्रच लागतो. म्हणून भातात प्रथिनं शंभर ग्रॅमला सात-आठ ग्रॅम, तर वालात त्याच्या तिप्पट, म्हणजे वीस ते पंचवीस. बांधावर तूर, माळावर उडीद, वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. हे सगळं एकाच गावात पिकत असे आणि एकाच ताटात येत असे.

'प्रोटीन' हा शब्द मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने 1838 साली वापरला. त्याचं मूळ ग्रीक आहे, आणि अर्थ 'पहिलं', 'प्रमुख'. आपलं 'प्रथिन'ही 'प्रथम'शी नातं सांगतं. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतले काही आपलं शरीर तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांतला लायसिन हा घटक तांदळात कमी आणि डाळीत भरपूर असतो. मेथिओनिन डाळीत कमी, तांदळात जास्त. म्हणून भात आणि वाल एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठलं या सगळ्यांमागे हेच आहे.

पण वाल नुसते उकळून पचत नाहीत, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असतं. ते भिजत घालायचे, पाणी फेकायचं, सोलायचे आणि चांगले शिजवायचे. असं का, हे ज्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं त्या होत्या कमलाबाई सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. 1933 साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटून बसल्या. शेवटी एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं. पुढे 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवताना त्यांनी वाल अभ्यासाला घेतले. कच्च्या वालात एक पदार्थ असतो, तो आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक रसाला काम करू देत नाही. म्हणजे प्रथिनं पोटात जातात पण पचत नाहीत. तो पदार्थ कमलाबाई आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला, आणि 1955 साली 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. नीट भिजवून नीट शिजवलं की त्याचा जोर बहुतेक संपतो. ज्या कामात आपल्या सासवांची सकाळ जायची, त्याचं शास्त्र एका मराठी बाईने जगापुढे मांडलं.

आपल्याकडे कडक पाळणाऱ्या घरांत मोड आलेलं कडधान्य अनंतकाय मानून खात नाहीत. अशा घरात वाल गरम पाण्यात भिजवून, मोड यायच्या आत सोलून शिजवतात, किंवा सरळ वालाची डाळ वापरतात. मोड नसले तरी प्रथिनं कमी होत नाहीत, शिजवणं मात्र पुरेसं हवं. कच्चं दूध-दही डाळीबरोबर न घेण्याचा द्विदळाचा नियम पाळूनही दिवसभरात दोन्ही खाता येतात. आणि आयंबिलची ओळी आठवा. दूध, दही, तूप, तेल, गूळ सगळं वर्ज्य, तरी ताटात काय उरतं? धान्य आणि डाळ.

आता इतिहासाचा दुसरा भाग. 1968 साली संयुक्त राष्ट्रांचा एक अहवाल आला, त्यात जगावर प्रथिनांचं संकट येत असल्याचा इशारा होता. माशांचं पीठ, कारखान्यात वाढवलेली प्रथिनं असे उपाय जगभर चर्चेत होते. तेव्हा दोन भारतीयांनी वेगळं सांगितलं. एक होते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन. दुसरे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळून पुढे ते पुण्यात कामाला आले. सुखात्म्यांनी भारतीयांच्या आहाराचे आकडे तपासून दाखवलं की गरीब माणसाला प्रथिनं कमी पडतात, ती बहुतेक वेळा त्याला एकूण अन्नच कमी पडतं म्हणून. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या लहान मुलांना चौदा महिने रोज 310 कॅलरी देणारा खाऊ दिला. त्यात प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम होती. तरी ती मुलं इतर मुलांपेक्षा उंचीने आणि वजनाने जास्त वाढली. हे निष्कर्ष 1973 साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ साधा आहे. पोट अर्धं असेल तर शरीर प्रथिनं जळणासाठी वापरून टाकतं. सरपण नाही म्हणून सागाची चौकट चुलीत घालावी, तसं. घर बांधायचं लाकूड राख होतं. आधी पोटभर अन्न, मग त्यात डाळीचा योग्य वाटा, हा क्रम आहे.

हा क्रम मोडला की काय होतं ते आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याने पाहिलं आहे. 1992-93 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने आणि आजाराने अनेक बालकं गेली. जव्हार आता पालघर जिल्ह्यात आहे, पण शहापूर-मुरबाडचे कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पाडे त्याहून फार वेगळे नव्हते. दिवाळीनंतर किती तरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. वाल पेरायचे आणि राखायचे तेच हे महिने. ज्यांच्याकडे जमीन आहे ते वाल पिकवतात, पण होळीच्या सुमारास पुष्कळसे बाजारात विकले जातात, कारण रोख पैसा त्यातूनच येतो. रेशनवर मिळतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. साऱ्या देशाचंच तसं झालं आहे. 1961 साली माणशी रोज सुमारे 69 ग्रॅम डाळी-कडधान्यं उपलब्ध होती, 2001 मध्ये ती 30 ग्रॅमच्या आसपास आली. धान्य वाढलं, डाळ मागे राहिली. म्हणजे सुखात्मे म्हणत होते ती पोटाची भूक काही घरांत भागली, पण ताटातला डाळीचा वाटा लहान झाला.

सरकारने 2015 साली आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण, आणि लहान मुलांना अंडी, नाही तर केळी. इथे मला आपल्या समाजाशी स्पष्ट बोलायचं आहे. अंडं आपल्याला चालत नाही, तो आपला नियम आहे, दुसऱ्याच्या लेकराच्या ताटावर तो लादायचा नाही. आणि कोणी आपणहून शाकाहारी खाऊ मागितला तर नुसतं केळं देऊन भागत नाही. अंड्यात प्रथिनं सुमारे 6 ग्रॅम, केळ्यात जेमतेम 1. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे दिले तर मात्र बरोबरी होते. आपण वाढदिवसाला, पुण्यतिथीला आश्रमशाळेत बिस्किटांचे पुडे आणि वेफर्स वाटतो. अनुकंपादान ते खरं, पण त्या मुलाच्या हाती काय लागलं? त्याच पैशांत शेंगदाणे-गुळाचे लाडू होतात. तूरडाळ, वाल आणि तेलाची पिशवी होते. तेलही हवं, कारण प्रथिनं जळू नयेत म्हणून ऊर्जा लागते. वाल तर तिथल्याच बाईकडून, तिचा योग्य भाव देऊन विकत घ्यावेत.

आता आपल्या घरचा हिशोब. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये सांगितलेलं प्रमाण वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम आहे. 55 किलोच्या बाईला रोज सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. दिवसभरात कच्च्या मापाने 240 ग्रॅम धान्यातून साधारण 20 ग्रॅम येतात. 75 ग्रॅम डाळ-कडधान्यातून 17, पाव लिटर दूध-दह्यातून 8. झाले 45. वर मूठभर शेंगदाणे खाल्ले की पुरून उरतं. गरोदरपणी आणि बाळ अंगावर असताना याहून जास्त लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा. निरोगी माणसाला डब्याची गरज नाही, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शनातही प्रोटीन पावडर टाळायलाच सांगितलं आहे.

पण 75 ग्रॅम डाळ आपल्या ताटात येते का? घरातल्या चार माणसांचं वरण संपत आलं की पाणी घालून वाढवलेलं पातळ वरण कोणाच्या वाटीत जातं, ते आपल्याला माहीत आहे. एकासणा असेल तर दिवसाचं एकच जेवण, आणि तेही सगळ्यांना वाढून झाल्यावर. तप करणाऱ्या बाईने पारण्याला शिऱ्याबरोबर मुगाचं घट्ट पाणी आणि दूध घ्यावं, हे मोठ्या बायका सांगत आल्या आहेत. ते ऐकायला हवं.

मुरबाडच्या बाजारात माघ-फाल्गुनात नवे वाल येतात. दोन किलो जास्त घ्या. एक किलो घरासाठी, आणि शिजवल्यावर पहिली वाटी स्वतःसाठी काढून ठेवा. दुसरा किलो अशा दारात पोचवा, जिथे भात आहे पण वाल विकले गेले आहेत.